नवी थार, नवी जिम्नी, गुरखा की वापरलेली फोर-बाय-फोर: भाव कुठे तुटतो, कुठे नाही

पंधरा-सोळा लाखांत फोर-बाय-फोर (चारही चाकांना ताकद देणारी गाडी) घ्यायची आहे, पावसाळ्यात ताम्हिणी-मुळशीच्या चिखलात उतरायचंय आणि सोमवारी त्याच गाडीने हिंजवडीला पोचायचंय. अशा माणसासमोर पुण्यात चार वाटा असतात: नवी महिंद्रा थार, नवी मारुती जिम्नी, नवी फोर्स गुरखा, नाहीतर दोन-चार वर्षं वापरलेली थार. कुठली गाडी किती चढते यावर भरपूर बोललं जातं. घासाघीस कशावर करायची हे मात्र चारही ठिकाणी वेगळं आहे, आणि त्यावर फारसं कुणी बोलत नाही. थारच्या शोरूममध्ये एक्स-शोरूम किमतीवर (रोड टॅक्स, विमा धरायच्या आधीच्या) तासभर हुज्जत घालणारा आणि वापरलेल्या गाडीखाली न वाकता टोकन देणारा, दोघांचेही पैसे जातात.

आधी मागणीचं बघू, कारण भाव तिथूनच ठरतो. ३ ऑक्टोबर २०२४ ला पाच दारांच्या थार रॉक्सचं बुकिंग उघडलं आणि पहिल्या तासात १,७६,२१८ बुकिंग झाल्याचं कंपनीने जाहीर केलं. ज्या गाडीला अशी रांग लागते तिच्यावर रोख सूट मागणं म्हणजे वेळ घालवणं. सेल्सवाला "साहेब, एक्स-शोरूममध्ये एक रुपया सुटणार नाही" म्हणतो तेव्हा बहुतेक वेळा तो खरंच बोलत असतो. त्याच्या पाठीमागे तुमच्यासारखे अजून चार जण उभे आहेत.

जिम्नीचं नेमकं उलटं झालं. जून २०२३ मध्ये ती १२.७४ लाखांपासून बाजारात आली आणि त्याच वर्षी डिसेंबर उजाडायच्या सुमारास थंडर एडिशन १०.७४ लाखांपासून मिळू लागली. पुढच्या वर्षभरातही तिच्यावर मोठ्या सवलती येत राहिल्या. गाडी वाईट म्हणून हे झालं नाही. १४६२ सीसीचं पेट्रोल इंजिन, हलकं वजन, सगळ्या व्हेरिएंटमध्ये लो-रेंजसह (चढाला-चिखलाला लागणारा कमी वेगाचा, जास्त ताकदीचा गिअर) फोर-बाय-फोर, चिखलात ती थारच्या बरोबरीने उभी राहते. पण त्याच पैशात लोकांना दुसऱ्या गाड्यांत रुंद सीट आणि मोठी डिकी दिसते. पुण्यात घासाघीस करून नवी फोर-बाय-फोर घ्यायची असेल, तर माझ्या मते जिम्नीइतकी जागा कुठेच नाही. नेक्साच्या (जिम्नी विकणारी मारुतीची शोरूम) दोन वेगळ्या डीलरांकडून लेखी कोटेशन घ्या. मात्र एकाच डीलरच्या बाणेर आणि खराडीतल्या शाखा म्हणजे दोन डीलर नव्हेत, मालक एकच असतो. तिसरं कोटेशन साताऱ्याहून किंवा नाशिकहून मागवा. रोड टॅक्स राज्यभर सारखाच आहे आणि पासिंग तुमच्या पत्त्याप्रमाणे एमएच-१२ (पुणे) किंवा एमएच-१४ (पिंपरी-चिंचवड) मध्ये होऊ शकतं, त्यामुळे बाहेरगावचं कोटेशन नुसतं धमकीपुरतं राहत नाही. जमलं तर खरंच तिकडून गाडी उचलता येते.

गुरखा आपल्या आकुर्डीच्या कंपनीची. पुढे-मागे दोन्ही डिफरन्शियलला लॉक (एक चाक नुसतंच फिरत राहिलं तरी दुसऱ्याला ताकद मिळते), २३३ मिमी ग्राउंड क्लिअरन्स, ७०० मिमी पाण्यातून जायची क्षमता. थारला हेच आकडे २२६ आणि ६५० आहेत. पण डीलर मोजके आहेत, म्हणून कोटेशनला कोटेशन भिडवायची सोय नाही, आणि विकायच्या वेळी गिऱ्हाईकही मोजकंच. गुरखा त्यानेच घ्यावी ज्याला ती गाडीच हवी आहे आणि जो ती दहा वर्षं ठेवणार आहे. तिथे सवलतीपेक्षा पहिल्या काही सर्व्हिसचं आणि वाढीव वॉरंटीचं मागून घेणं जास्त कामाचं.

कोटेशनचा कागद

नव्या गाडीत खरी लढाई या कागदावर होते. व्हिजिटिंग कार्डाच्या मागे पेनाने लिहिलेला एक ऑन-रोड (सगळं धरून) आकडा घेऊन घरी येऊ नका. छापील, ओळीनिहाय कोटेशन मागा.

समजा डिझेल फोर-बाय-फोर आहे आणि एक्स-शोरूम १५ लाख. महाराष्ट्रात १० ते २० लाखांच्या डिझेल गाडीला रोड टॅक्स १४ टक्के, म्हणजे २,१०,०००. पेट्रोल असेल तर १२ टक्के, १,८०,०००. कंपनीच्या नावावर घेतली तर थेट २० टक्के, ३ लाख, हे व्यावसायिकांनी आधीच लक्षात घ्यावं. यावर घासाघीस शून्य. पुढची ओळ टीसीएस (विक्रीवेळीच गोळा होणारा आगाऊ आयकर), १० लाखांवरच्या गाडीला १ टक्का, इथे १५,०००. हा खर्च धरू नका. तुमच्या पॅनवर जमा होतो आणि रिटर्न भरताना वजा करून मिळतो. शोरूममध्ये हे आपणहून सांगणारा क्वचित भेटतो.

मग येतो इन्शुरन्स, आणि सगळ्यात जास्त ढील इथेच असते. नव्या गाडीला तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे आणि त्याचा दर सरकारी आहे. २०२२ च्या दरपत्रकाप्रमाणे १५०० सीसीच्या वर २४,५९६ रुपये, १००० ते १५०० सीसीला १०,६४०, वर जीएसटी. म्हणजे २.२ लिटर डिझेल थार आणि जिम्नी यांच्यात इथेच जवळपास १४ हजारांचा फरक पडला. हा भाग कुठल्याही कंपनीकडे सारखाच असतो. फरक पडतो तो ओन डॅमेज (स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमा) आणि ॲड-ऑनमध्ये (वरून घ्यायची जादा संरक्षणं). विमा डीलरकडूनच घ्यायचं बंधन नाही. तोच आयडीव्ही (विम्यात धरलेली गाडीची किंमत) आणि तेच ॲड-ऑन सांगून बाहेरून एक कोटेशन काढा आणि ते समोर ठेवा. "एवढ्यात देत असाल तर तुमच्याकडूनच घेतो," एवढं वाक्य पुरतं. जुनी गाडी विकत असाल तर तिचा नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याबद्दलची सवलत) नव्या गाडीवर घ्यायला विसरू नका. तो गाडीचा नसतो, तुमचा असतो, आणि पाच वर्षं क्लेम नसेल तर ओन डॅमेजवर ५० टक्क्यांपर्यंत जातो. पैसे वाचवायला ॲड-ऑन कापायचे असतील तर कापा, पण इंजिन प्रोटेक्शन ठेवा. ओढ्यात इंजिनाने पाणी ओढलं तर साधा विमा हात वर करतो.

उरल्या हँडलिंग, लॉजिस्टिक्स, "एसेन्शियल किट" अशा ओळी. यातली एकही कर नाही. हँडलिंगच्या ओळीवर बोट ठेवा आणि ती कोणत्या नियमाखाली लावली आहे ते लेखी द्या म्हणा. आवाज चढवायची गरज नाही. थारच्या बाबतीत जिथे सूट मिळत नाही तिथे हीच तुमची सूट: हँडलिंग काढा, सक्तीच्या ॲक्सेसरीज काढा, विमा बाजारभावाने द्या. मॅट, मडफ्लॅप, टो-हुक या वस्तू नाना पेठेत बघून या आणि मग शोरूमच्या यादीतले आकडे वाचा.

कर्जाचंही एक. किंमत ठरेपर्यंत रोख की कर्ज हे सांगू नका. कर्ज लावून दिल्यावर डीलरला बँकेकडून मोबदला मिळतो, त्यामुळे कर्ज घेणारं गिऱ्हाईक त्यांना जास्त परवडतं. आणि बोलणं मासिक हप्त्यावर नेलं तर परत एकूण रकमेवर आणा. हप्ता कमी करायला त्यांना फक्त दोन वर्षं वाढवायची असतात.

कधी जायचं

दसरा, पाडवा, अक्षय्य तृतीया या दिवशी गाडी घरी आणायची असते, भाव करायचा नसतो. त्या आठवड्यात शोरूमला तुमची गरज नाही. पितृपक्षात उलट असतं. शोरूम ओस, महिन्याचं टार्गेट मात्र तसंच. घरच्यांची हरकत नसेल तर बिलच त्या पंधरवड्यात करा. हरकत असेल तर निदान बोलणी तेव्हा उरका, आकडा ईमेलवर घ्या आणि बुकिंगची रक्कम घटस्थापनेला भरा. डिसेंबरअखेर आणि जानेवारीत मागच्या वर्षीचा स्टॉक संपवायची घाई असते, तेव्हा जिम्नीसारख्या गाडीवर चांगली रक्कम सुटते. पण आरसीवर निर्मितीचा महिना-वर्ष छापलेलं असतं आणि विकताना पुढचा माणूस तेच बघतो. आठ-दहा वर्षं ठेवणार असाल तर बिनधास्त घ्या. तीन वर्षांत बदलायची असेल तर ती सूट पुढच्या गिऱ्हाइकाला द्यावी लागेल.

आयटीत असाल तर कॉर्पोरेट डिस्काउंट आहे का, असं स्वतः विचारा. ओळखपत्र पुरतं, पण विचारल्याशिवाय बहुतेक सांगत नाहीत.

थार घेणाऱ्याला एक मोह होतो, १.५ लिटर डिझेलच्या रिअर-व्हील (फक्त मागच्या चाकांना ताकद) थारचा. २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे दर बदलले. चार मीटरच्या आतली, १५०० सीसीच्या आतली डिझेल म्हणून ही थार ३१ वरून १८ टक्क्यांवर आली, फोर-बाय-फोर थार ४८ वरून ४० वर आणि जिम्नी ४५ वरून ४० वर. त्यामुळे दोन थारमधली दरी रुंदावली आहे. पण चारही चाकांना ताकद नसलेली थार ताम्हिणीच्या उतरत्या चिखलात इतर कुठल्याही गाडीसारखीच अडकते. दिसण्यासाठी घ्यायची असेल तर खुशाल घ्या. ऑफ-रोडसाठी हवी असेल तर तिच्या स्वस्ताईला फायदा समजू नका.

वापरलेली थार

इथे घासाघीस सगळ्यात जास्त चालते आणि कष्टही सगळ्यात जास्त.

पहिला मुद्दा तोंडी मांडायचा. विकणारा म्हणतो, "मला अठरा लाखांना पडली." त्याला ती ४८ टक्के जीएसटीच्या काळात पडली. आज तीच नवी गाडी साधारण लाखाने स्वस्त झाली आहे, म्हणून तुमचा हिशेब त्याच्या जुन्या बिलापासून नाही, आजच्या नव्या ऑन-रोड किमतीपासून खाली यायला हवा. २०२१ ते २०२४ मधल्या गाड्यांवर हा एक मुद्दा भाव बराच खाली आणतो, कारण त्याला उत्तर नाही.

दुसरं, वाढीव सामान. मोठे टायर, लिफ्ट किट (गाडी उंच करणारं), एलईडी बार, बुलबार (पुढचं लोखंडी गार्ड). मालक म्हणतो, दीड लाखाचं सामान लावलंय. तुमच्यासाठी ते ओझं आहे. पुढचे बुलबार डिसेंबर २०१७ पासून केंद्राने बंद केले आहेत, आणि कंपनीने दिलेल्या रचनेत मोठा फेरफार मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमात अडकतो. मूळ टायर, मूळ अलॉय आणि मूळ बंपर सोबत मागा. नसतील तर त्यांची किंमत वजा करा. माझी पसंती कायम अशा थारला राहील जिला मालकाने हात लावलेला नाही, भले ती पन्नास हजारांनी महाग असो.

तिसरं, प्रत्यक्ष खाली वाका. सकाळी, उजेडात, गाडी धुवायच्या आधी जा. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा. पाण्यात बसलेल्या गाडीच्या पट्ट्यावर आत चिखलाची रेघ राहते, वरचा भाग कितीही पुसला तरी. हेडलाइटमध्ये वाफ, कार्पेटखाली बारीक गाळ, सीटच्या पटरीला गंज हेही बघा. मग गॅरेजवाल्याला घेऊन पिटवर (गाडी खालून बघायचा खड्डा). डिफरन्शियलचा फिलर प्लग (ऑइल भरायचं बूच) काढून बोट घाला. ऑइल दूध घातलेल्या चहासारखं आलं तर आत पाणी गेलंय आणि बेअरिंगचं आयुष्य कमी झालंय. चासीच्या पोकळीत माती, ट्रान्सफर केसखालच्या (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारा डबा) पत्र्यावर खोल ओरखडे, वाकलेला कंट्रोल आर्म, प्रत्येकाचा खर्च गॅरेजवाल्याकडून कागदावर लिहून घ्या. तो कागद मालकासमोर ठेवला की भाव आपोआप उतरतो. "पाच टक्के कमी करा" या विनंतीत जोर नाही, "हे दुरुस्तीला पस्तीस हजार" यात आहे.

फोर-लो आणि फोर-हाय लावून बघा, पण मातीत, सरळ रेषेत. डांबरावर फोर-बाय-फोर लावून गोल फिरवलीत तर चांगला गिअरबॉक्सही कुरकुर करतो आणि तुम्ही नसलेली खोड काढाल.

मालकाकडून की डीलरकडून? माझं उत्तर मालकाकडून. डीलरला गाळा, पॉलिश आणि स्वतःच्या नफ्यावरचा १८ टक्के जीएसटी काढायचा असतो. डीलरचा फायदा एवढाच की कागद तो फिरवतो. दिल्लीहून आलेल्या स्वस्त डिझेल थार टाळा. तिथल्या डिझेल गाड्यांवरच्या वयाच्या निर्बंधांच्या धास्तीने त्या इकडे येतात, पण एनओसी, इथला टॅक्स आणि नवं पासिंग धरलं की स्वस्ताई विरते. एमएच-१२ किंवा एमएच-१४ च्या गाडीचा रोड टॅक्स एकदाच भरलेला असतो, तो तुम्हाला परत लागत नाही.

थोडक्यात निवड विचाराल, तर एक्स-शोरूम बारा-साडेबारा लाखांत नवं हवं आणि अंडरबॉडी तपासायची तयारी नसेल तर जिम्नी, तीही पितृपक्षात किंवा वर्षअखेरीला. चार जणांचं कुटुंब आणि वजनदार गाडी हवी असेल तर पहिल्या मालकाची, न बदललेली थार. नवी थारच हवी असेल तर भावाचा नाद सोडून डिलिव्हरीची तारीख, निर्मितीचा महिना आणि कॅन्सल केल्यास पैसे कधी परत, हे तीन मुद्दे बुकिंगच्या पावतीवर लिहून घ्या, आणि पासिंग व्हायच्या आधी गाडी यार्डात जाऊन बघा.

वापरलेल्या गाडीत टोकन देण्याआधी सरकारच्या 'वाहन' साइटवर कर्जाचा बोजा, ई-चलन आणि विमा तपासा. कर्ज होतं तर फॉर्म ३५ (बोजा उतरवायचा) आणि बँकेचं पत्र हातात हवं. फॉर्म २९ आणि ३० (मालकी बदलाचे) वर सह्या घ्या, विमा १४ दिवसांत स्वतःच्या नावावर करा, आणि आरसीवर नाव चढेपर्यंत ठरलेल्या रकमेतले वीस-पंचवीस हजार स्वतःकडे ठेवायचं टोकन देतानाच बोलून घ्या.