कोटेड पावडर सांगून साधं मिक्सिंग गळ्यात मारलं

वाळूज एमआयडीसीत आमचं छोटं युनिट आहे, कार्बाइडचे (टंगस्टन कार्बाइड, एकदम कडक मटेरियल) नोझल आणि वेअर पार्ट, म्हणजे झीज सोसणारे भाग, करतो. माझे पैसे तर गेले, दुसऱ्या कुणाचे जाऊ नयेत म्हणून लिहायलोय.

कोटेड पावडर म्हणजे टंगस्टन कार्बाइडच्या एकेका कणावर कोबाल्टचा पातळ थर असतो; हे कोबाल्टच कणांना एकमेकांशी धरून ठेवतं. कोबाल्टचा क्षार द्रावणातून कणांवर बसवतात अन् मग तापवून त्याचा धातू करतात, त्यामुळं तासन्‌तास बॉल मिलमधे (गोळे घातलेलं फिरतं पिंप) कोबाल्ट मिसळायला दळायचं काम राहत नाही. आमच्याकडं मिल नाहीच, म्हणून तर किलोमागं जास्तीचा भाव द्यायला तयार झालो ना!

व्यापाऱ्यानं आधी १ किलो सॅम्पल दिलं. मेण मिसळून प्रेस केलं, व्हॅक्यूम भट्टीत १४०० डिग्रीला सिंटर केलं, म्हणजे तापवून घट्ट एकजीव केलं, माल एक नंबर निघाला, डेन्सिटी घन सेंमीला १४.९ ग्रॅम. कोबाल्ट ६ टक्के असला की एवढीच यायला पाहिजे. मग २५ किलोचा ड्रम मागवला, पैसे आधीच भरले, "साहेब, सेम बॅच आहे, डोळे झाकून घ्या" म्हणला आणि आम्ही खरंच डोळे झाकून घेतलं.

ड्रममधल्या मालाची डेन्सिटी आली १४.२. आधी भट्टीवरच संशय, थर्मोकपल (भट्टीचं तापमान मोजायचा सेन्सर) बदललं, मेण नीट जाळलं नाही म्हणून पोराला नाही नाही ते बोललो, त्याचं अजून वाईट वाटतंय. तीन दिवस असेच गेले. शेवटी एक तुकडा पॉलिश करून मायक्रोस्कोपखाली धरला तर कुठं कोबाल्टची तळी साचलेली, कुठं नुसती भोकं.

मग आमच्या जुन्या मामांनी कागदावर चिमूटभर पावडर घेतली आणि कागदाखालून चुंबक फिरवलं. सॅम्पलच्या डबीत उरलेली पावडर सगळीच्या सगळी चुंबकामागं सरकली, कारण कोबाल्ट प्रत्येक कणावर आहे. ड्रममधल्या पावडरीतून मात्र काळसर कणांचा झुपका तेवढा पुढं आला, राखाडी कार्बाइड बरंचसं जागेवरच. कोबाल्ट नुसतं वरून टाकून हलवलेलं!

फोन केला तर म्हणतो, "साहेब, ६ टक्के कोबाल्ट आहे की, लॅबला द्या." खरंच आहे हो, रिपोर्टमधे खोटं काहीच नव्हतं. केमिकल रिपोर्ट कोबाल्ट किती ते सांगतो, ते कणावर बसलंय का बाजूला पडलंय हे सांगतच नाही, हेच मला कळायला उशीर झाला. बिल काढून बघितलं तर त्यावर 'कोटेड' हा शब्दच नाही. आता फोनही उचलत नाही.

म्हणून सांगतो, ऑर्डरवर आणि बिलावर 'कोटेड' लिहून घ्या, कणांचा मायक्रोस्कोप फोटो त्याच बॅचचा मागा, आणि सॅम्पल व्यापाऱ्याच्या पुडीतून न घेता आलेल्या ड्रमच्या तळातून स्वतः काढा, दोन तुकडे सिंटर करून डेन्सिटी बघा आणि मगच उरलेले पैसे सोडा. आमच्या ड्रममधे अजून १७ किलो तसंच पडून आहे, कुणाकडं कार्बाइडचे गोळे घालून ओलं दळायची मिल असेल तर सांगा, जॉबवर्कचे पैसे देतो.