चिऱ्याच्या घरात लिनक्स आणि विंडोज : नऊ महिन्यांचा अनुभव

देवगडचं आमचं घर जुनं, चिऱ्याचं. भिंती दीड फूट जाड. ओटीवर बाबांचा विंडोज ११ प्रोचा लॅपटॉप, त्यावर आंब्याच्या पेट्यांची बिलं नि गिऱ्हाइकांचे पत्ते. माजघरात जुना डेस्कटॉप. विंडोज १०ची अपडेट्स १४ ऑक्टोबर २०२५ला थांबणार हे जाहीर झालं होतं आणि त्या मशीनवर विंडोज ११ चालत नव्हतं, म्हणून मी त्यावर लिनक्स मिंट ही विंडोजऐवजी चालणारी मोफत प्रणाली टाकली. बिलांची फोल्डर या डेस्कटॉपवर ठेवावी आणि ती दोन्हीकडून उघडावी, एवढीच गरज. नऊ महिने रोज वापरतोय, हापूसचा एक अख्खा हंगाम त्यावर काढला.

यासाठी लागतो तो सांबा हा प्रोग्रॅम. विंडोज फाइली देण्याघेण्यासाठी एसएमबी ही पद्धत वापरतं, सांबामुळे ती लिनक्सलाही कळते. अँड्र्यू ट्रिजेल यांनी १९९२मध्ये सुरू केलेलं हे काम आजही फुकट मिळतं, याबद्दल मला मनापासून कृतज्ञता वाटते. बसवायला दहा मिनिटं लागली. सुरळीत व्हायला आठवडा गेला.

पहिली अडचण पासवर्डची. घरचीच फोल्डर म्हणून मी ती बिनपासवर्डाची ठेवली होती. विंडोजने सरळ नकार दिला. २४एच२ आवृत्तीपासून विंडोज ११ प्रो प्रत्येक एसएमबी जोडणीवर डिजिटल सही (निरोप खरंच त्या ओळखीच्या मशीनकडून आला याची खूण) मागतं, आणि बिनपासवर्डाच्या पाहुण्याला ती देता येत नाही. ओळखीच्या एकाने सल्ला दिला, 'एसएमबी १ चालू कर, सगळं जुळेल.' कृपा करून हे करू नका. मे २०१७मध्ये वॉनाक्राय या खंडणीखोर व्हायरसने जगभर संगणक बंद पाडले ते एसएमबीच्या याच जुन्या, पहिल्या आवृत्तीतल्या भोकातून. आणि इथे त्याचा उपयोगही नव्हता, अडचण सहीची होती. उपाय साधा निघाला : सांबात बाबांच्या नावाचा वापरकर्ता केला आणि त्याला पासवर्ड दिला. लिनक्सचा लॉगिनचा पासवर्ड सांबाला आपोआप कळत नाही, तो वेगळा द्यावा लागतो. माझे दोन दिवस यातच गेले. त्यात आधीचा चुकीचा पासवर्ड विंडोजच्या क्रेडेन्शियल मॅनेजरमध्ये (विंडोज पासवर्ड साठवून ठेवतं ती जागा) जाऊन बसला होता. तो पुसल्यावर फोल्डर उघडली.

दुसरी गोष्ट, विंडोजच्या 'नेटवर्क' खिडकीत लिनक्सचं मशीन दिसलं नाही म्हणजे जोडणी तुटली असं नाही. दिसणं वेगळं, पोचणं वेगळं. पत्त्याच्या पट्टीत दोन उलट्या तिरक्या रेघा (\\) देऊन लिनक्स मशीनचा आयपी पत्ता, म्हणजे नेटवर्कमधला त्याचा क्रमांक, लिहा. फोल्डर उघडली तर सांबा ठीक आहे. नुसतं नाव दिसायला हवं असेल तर लिनक्सवर डब्ल्यूएसडीडी हा छोटा प्रोग्रॅम टाका. लिनक्सवर फायरवॉल (बाहेरून येणाऱ्या जोडण्या अडवणारा पहारेकरी) चालू असेल तर फाइलींसाठी टीसीपी ४४५ हा दरवाजा मोकळा ठेवावा लागतो.

खरी परीक्षा एप्रिलात झाली. संध्याकाळी वीज गेली, आली, आणि बाबांची हाक आली, "अरे, बिलांची फोल्डर गेली!" बाहेर टेम्पो उभा, पेट्या भरलेल्या. मी आधी राउटरचं पान उघडलं. वीज आल्यावर राउटरने पत्ते नव्याने वाटले होते : कालपर्यंत १९२.१६८.१.२० असलेला डेस्कटॉप आता १९२.१६८.१.२४वर होता. नवा पत्ता टाकून बिलं छापली, आणि त्याच रात्री राउटरमध्ये डेस्कटॉपच्या मॅक पत्त्याला (नेटवर्क कार्डाचा स्वतःचा क्रमांक) २०चा जुना आयपी पत्ता कायमचा बांधून टाकला. कोकणात वीज किती वेळा जाते ते सांगायला नको. हे काम पहिल्याच दिवशी करा.

जून लागला आणि वेग पडला. फोटो सेकंदाला शंभरेक मेगाबाइटने जायचे ते अकरावर आले. मी सांबाच्या सेटिंग्ज चाळत बसलो, तिथे काहीच बिघडलेलं नव्हतं. शेवटी नेटवर्कची वायर उपसली. कनेक्टरच्या आठ धातूच्या पट्ट्यांपैकी दोन हिरवट पडल्या होत्या, नखाने खरवडलं की भुकटी निघत होती. खारी हवा आणि पावसाळी दमट. गिगाबिटच्या वेगाला वायरमधल्या तारांच्या चारही जोड्या लागतात, १०० मेगाबिटला (म्हणजे सेकंदाला सुमारे बारा मेगाबाइटला) दोन पुरतात, म्हणून जोडणी तुटली नाही, नुसती मंदावली. वायरच्या टोकाला नवा कनेक्टर दाबून बसवला (क्रिम्प केला), वेग परत आला. तेव्हापासून तक्रार आली की मी खालून वर जातो : वायर, पत्ता, पिंग (समोरचं मशीन उत्तर देतं का ते बघायची हाक), पासवर्ड, आणि सगळ्यात शेवटी सांबाची सेटिंग्जची फाइल. पिंगला उत्तर आलं नाही तरी लगेच घाबरू नका, विंडोजची फायरवॉल ते अडवते. त्यासाठी विंडोजने नेटवर्क 'पब्लिक' (परकं) धरलंय की 'प्रायव्हेट' (घरचं) ते आधी बघा.

वायफायचं थोडक्यात : माजघरातला ५ गिगाहर्ट्झचा सिग्नल चिऱ्याच्या दोन भिंतींपलीकडे ओटीवर पोचतच नाही. २.४ पोचतो, पण रखडतो. ओटीपर्यंत वायर ओढली हाच खरा इलाज.

एक बारीक त्रास मात्र सवयीनेच सुटला. लिनक्सवर मी फाइलीला 'पेटी : ५ डझन' असं नाव द्यायचो, विंडोजला नावातला विसर्ग-चिन्हासारखा अपूर्णविराम चालत नाही, त्यामुळे बाबांना तिथे ओळखू न येणारी अक्षरं दिसायची. आता मी आडवी रेघ देतो. मराठी नावं दोन्हीकडे जशीच्या तशी दिसतात, आणि बाबा गिऱ्हाइकांच्या फाइली आता मराठीतच ठेवतात.