१९७४ची पद्मिनी आणि गंज: पावसाळा काढल्यानंतरचा अनुभव

आमची प्रीमियर पद्मिनी १९७४ची. कुर्ल्याच्या कारखान्यातून 'पद्मिनी' या नावाने गाड्या बाहेर पडायला लागल्या तेच वर्ष. १०८९ सीसीचं इंजिन अजून ठणठणीत आहे. क्लच प्लेट, बुश, कार्ब्युरेटरचे सुटे भाग शोधले की मिळतात, पण धड पत्रा मिळत नाही. त्यात गाडी रत्नागिरीत, समुद्राच्या वाऱ्यावर. त्यामुळे सगळी काळजी गंजाचीच.

गेल्या उन्हाळ्यात तीन गोष्टी वापरल्या: टॅनिक आणि फॉस्फोरिक आम्ल असलेला रस्ट कन्व्हर्टर (गंजाला काळ्या, घट्ट थरात बदलणारं द्रावण), दोन डब्यांतलं मिसळून रंगाखाली लावायचा इपॉक्सी प्रायमर आणि पोकळ भागांत मारायचा लॅनोलिनचा स्प्रे. पूर्ण पावसाळा आणि त्यानंतरची थंडी बघून आता लिहितोय.

लॅनोलिनने मला जिंकलं. हे मेंढीच्या लोकरीतलं मेण, आणि ते कधीच कडक वाळत नाही. या गाडीचे दरवाजे आणि पायरीखालचे पोकळ बॉक्स पत्र्यावर पत्रा ठेवून स्पॉट वेल्डिंगने जोडलेले आहेत. त्या जोडात ब्रश जात नाही, रंग जात नाही, खारं पाणी मात्र बरोबर शिरतं. लॅनोलिन पाण्यासारखंच आत सरकत जातं. डब्याबरोबर लांब नळी येते. दरवाजाचं आतलं पॅनल काढून ती खालच्या कडेपर्यंत घालायची आणि हळूहळू मागे ओढत फवारायचं.

तुलना करता यावी म्हणून डाव्या दरवाजांत लॅनोलिन मारलं आणि उजव्या दरवाजांत पूर्वी एका गॅरेजने मारलेलं काळं डांबरी कोटिंग तसंच ठेवलं. नवरात्रात दोन्हीकडची पॅनलं उघडली. डावीकडे पिवळसर चिकट थर जागेवर होता, त्यावर पाण्याचे थेंब गोल उभे होते. उजवीकडे कोटिंग वरून काळंभोर, एकदम झकास. स्क्रूड्रायव्हरचं टोक लावलं तर भाकरीचा पापुद्रा सुटावा तसं उचललं गेलं, आणि खाली ओला, चॉकलेटी गंज. कडक थराला एक बारीक तडा गेला की पाणी आत जातं आणि तिथेच बसतं. वरून काहीही कळत नाही. कोकणात जुन्या गाडीच्या पोकळ भागात डांबरी कोटिंग मारू नका, हे मी ठामपणे सांगेन. गाडीच्या खालून वापरलेलं काळं इंजिन ऑइल फवारायची पद्धतही सोडा. ते दोन जोरदार सरींत धुऊन जातं, बुशांचं रबर खातं आणि अंगणात, विहिरीशेजारी ठिबकत राहतं.

लॅनोलिनचे तोटे आहेत. वास येतो, आणि बराच काळ येतो. साधारण ४० अंशांच्या आसपास ते पातळ होतं, त्यामुळे उन्हात उभी केलेली गाडी दरवाजाखालून थेंब गाळते. दरवाजाच्या रबरवर ते उडू देऊ नका, रबर फुगतं. आणि वेल्डिंग करायचं असेल तर आधी करा; स्प्रे मारलेल्या बॉक्सवर वेल्डिंग म्हणजे आगीला निमंत्रण.

कन्व्हर्टरबद्दल माझं मत मात्र संमिश्र. रबरी मॅटखालचा नमदा (जाड लोकरीसारखा थर) वर्षानुवर्षं पाणी धरून होता. तो काढून टाकला, तारेच्या ब्रशने सुटा गंज घासला, पॉलिश पेपर मारला, मग कन्व्हर्टर. तांबूस पत्रा बघता बघता निळसर काळा होतो. गंजाचं टॅनेट आणि फॉस्फेट होतं ते हे. पत्र्याला घट्ट चिकटलेल्या पातळ गंजावर काम उत्तम झालं, वर इपॉक्सी लावलेला भाग आजही स्वच्छ आहे. पण मागच्या चाकाच्या कमानीत, जिथे गंजाचे थर होते, तिथे दिवाळीपर्यंत फोड आले. थरांच्या तळापर्यंत आम्ल पोचत नाही. असा पत्रा कापून नवा तुकडा जोडण्याला पर्याय नाही, आणि त्यावर लांबी (पुट्टी) भरून रंग मारून देणारा पेंटर दिसला तर गाडी परत घेऊन या. नुसता रेड ऑक्साइड प्रायमर मारून गाडी पावसात ठेवणंही व्यर्थ. तो ओल शोषतो.

आपल्याकडे आणखी एक अडचण म्हणजे जांभ्याची लाल माती. ती लाल असते लोहाच्या ऑक्साइडमुळेच, त्यामुळे कमानीत साचलेली माती आणि गंज एकाच रंगाचे दिसतात. ओलं फडकं फिरवून बघा: माती निघते, गंज राहतो. ती माती पत्र्याला सतत ओल पुरवते, म्हणून पावसाळ्यात पाइप लावून कमानी आतून धुणं मी चुकवत नाही. दरवाजाखालची पाणी जायची भोकंही तारेने मोकळी करतो. ही भोकं बुजलेली असतील तर स्प्रेवर पैसे खर्च करू नका. प्लॅस्टिकचं कव्हरही नको, आत घाम सुटतो.

सगळं काम फेब्रुवारी ते मेमध्येच उरका. जूनच्या हवेत घासून पांढरा केलेला पत्रा रात्रीत तांबूस होतो.

पन्नास वर्षं उलटल्यामुळे व्हिंटेज नोंदणीचाही विचार आहे. २०२१च्या केंद्राच्या नियमांत बॉडी शेल, चॅसी किंवा इंजिनात मोठे फेरबदल नसावेत अशी अट आहे, म्हणून कमानीचा तुकडा मूळच्याच आकारात घडवून देणारा जुना डेंटर (पत्राकाम करणारा कारागीर) शोधतोय. लॅनोलिनचा पुढचा हात मेच्या शेवटी, यंदा उजव्या दरवाजांतही, डांबर पूर्ण खरवडून झाल्यावर.