‘उद्याच मासे सोडा’ म्हणणाऱ्या दुकानदारापासून सावध राहा

सांगलीतल्या एका फिश टँकच्या दुकानात माझे १०,५२० रुपये गेले आणि एक गोल्डफिश सोडून सगळे मासे मेले. हिशोब देतो. अडीच फुटी टाकी, फिल्टर आणि लाइट ६,८००. ‘बॅक्टेरिया’च्या दोन बाटल्या, ६५० ला एक, म्हणजे १,३००. गोल्डफिश आणि एंजल मिळून १,९४०. मासे तडफडायला लागल्यावर वर ४८० चं ‘औषध’. बिल मागितलं तर साधी चिठ्ठी, आणि क्यूआर कोड भलत्याच कुणाच्या नावाचा. पक्कं बिल नाही तिथं एक रुपया देऊ नका.

“दादा, सायकल-बिकल सगळी नेटवरची थेरं. बाटली ओता, उद्या मासे सोडा, बिनधास्त!” असं दुकानदार म्हणाला. सायकल म्हणजे माशांच्या विष्ठेतून विषारी अमोनिया, त्याचं नायट्राइट, त्याचं नायट्रेट, आणि हे करणारे जिवाणू फिल्टरमध्ये वसायला चार ते सहा आठवडे, एवढं मी वाचून गेलो होतो. विचारलंही. पण समोरचा वीस वर्षं धंद्यात आहे म्हणतो, त्याचे मासे टवटवीत दिसतात, मग गिऱ्हाइकानं विश्वास कुणावर ठेवायचा?

एक गोष्ट मात्र डोक्यातून जात नाही. त्याच्याच टाकीतला फिल्टरचा स्पंज काळपट, बुळबुळीत दिसत होता. म्हटलं, याचा तुकडा द्या की. त्यात जिवाणू तयारच असतात, बाटलीची गरजच नसती. तो चटकन म्हणाला, “नको नको, रोग येतो.” अरे, त्याच पाण्यातले मासे तू मला विकतोयस! तिथंच पाय काढायला हवा होता. आणि ती बाटली उन्हात तापलेल्या शोकेसमधली, बॅच नंबर नाही, तारीख नाही, एका लेबलावर दुसरं चिकटवलेलं.

लवकरच मासे वर तोंड काढून धापा टाकायला लागले, कल्ले लालभडक. टेस्ट किट मागवलं तर अमोनिया ४ पीपीएम. पाहिजे शून्य. अशा वेळी निम्मं पाणी बदलायचं, नळाच्या पाण्यातला क्लोरीन हायपोनं मारून. यानं दिलं मिथिलीन ब्लू हे जंतुनाशक, म्हणजे वसू पाहणारे जिवाणूही गेले. वर उत्तर काय, तर “मासे जिवंत नेलेत ना? आता जबाबदारी तुमची.”

पोलिस ठाण्यात गेलो. “मासे मेले म्हणून तक्रार?” असं म्हणून हसले. मासे मेले म्हणून नाही हो, खोटा माल विकला म्हणून! तिथून एका सरकारी कार्यालयात पाठवलं. ते म्हणे आमच्याकडे खाण्याचे मासे, शोभेचे नाहीत. पुढच्या टेबलावर विचारलं, पक्कं बिल कुठंय? जे दुकानदारानं दिलंच नाही ते मी आणू कुठून? अर्ज घ्यायलाच कुणी तयार नाही, आणि तो दुकानदार आजही त्याच बाटल्या विकतोय.

शेवटी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही आणि मुदत दोन वर्षांची, हे मला कुठल्याच टेबलावर कुणी सांगितलं नाही. गोल्डफिश आणि एंजल एकत्र देणाऱ्याकडून तर काहीच घेऊ नका, एकाला थंड पाणी लागतं, दुसऱ्याला कोमट. आणि तुमच्याकडे अशी बाटली असेल तर फेकू नका. लेबलाचा फोटो काढा, पेमेंटचा स्क्रीनशॉट ठेवा आणि तक्रार करा.