३० की ५६? सिग्माच्या दोन एफ १.४ प्राइम, आणि मागं सरकायला नसलेली जागा

क्रॉप सेन्सरची (फुल फ्रेमपेक्षा लहान सेन्सरची) मिररलेस कॅमेरा बॉडी आहे, सोबत मिळालेल्या किट लेन्सवर हात बसलाय, आता कमी उजेडात चालेल अशी एक प्राइम, म्हणजे झूम नसलेली लेन्स हवी आणि बजेट एकाच लेन्सचं आहे. अशा वेळी बहुतेकांची यादी सिग्माच्या दोन लेन्सवर येऊन थांबते: ३० एमएम एफ १.४ आणि ५६ एमएम एफ १.४. एमएमचा आकडा जितका मोठा, तितकं दृश्य जवळचं आणि अरुंद. पहिली २०१६ची, दुसरी २०१८ची. सोनीसाठी तर आहेतच, आता फुजी, निकॉन आणि कॅननच्या क्रॉप बॉडींनाही मिळतात. वजन दोन्हींचं तीनशे ग्रॅमच्या आत. अ‍ॅपर्चर, म्हणजे उजेड आत घेणारं तोंड, दोन्हींचं सारखंच (एफ १.४), त्यामुळे उजेडावरून वाद नाही. प्रश्न उरतो तो तुम्ही कुठं उभे राहणार याचा.

५६ची बाजू आधी मांडतो, कारण ती खरोखर देखणी लेन्स आहे. पूर्ण उघड्या अ‍ॅपर्चरवरही पापणीचा केस न् केस वेगळा दिसतो आणि मागचा मांडव, खुर्च्या, पाहुणे सगळं विरघळून जातं. चेहरा जसा आहे तसा येतो, नाक पुढं येत नाही. माउंटला, म्हणजे बॉडीला जोडणाऱ्या कड्याला, धूळ अडवणारं रबर आहे, ते सोनीसाठीच्या ३०ला नाही. नाथषष्ठीला पैठणच्या वाळवंटात दिंड्या उतरतात तेव्हा हवेत किती धूळ असते हे ज्यानं पाहिलंय, त्याला या रबराची किंमत सांगायला नको.

अजिंठ्यातही ५६चं पारडं काही ठिकाणी जड होतं. फ्लॅश चालत नाही आणि चित्रांपाशी कठड्याच्या पुढं जाता येत नाही. पहिल्या लेण्यातल्या पद्मपाणीचा मुकुट किंवा कमळ धरलेली बोटं भरून घ्यायची तर ३० तोकडी पडते. पण दोन्ही लेन्सना स्टॅबिलायझेशन, म्हणजे हात हलला तरी फोटो स्थिर ठेवणारी सोय, नाही, हे इथं आठवावं लागतं. बॉडीतही नसेल तर ३० हातात १/६० सेकंदाच्या शटरला धरता येते, ५६ला निदान १/१०० लागतो. म्हणजे आयएसओ (सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता, वाढली की फोटो दाणेदार होतो) ३२००वर भागणारा फोटो ५०००च्या पुढं जातो. अंधाऱ्या लेण्यात हा फरक भिंतीच्या रंगात दिसतो. आणि सव्विसाव्या लेण्यातली महापरिनिर्वाणाची मूर्ती, साधारण सात मीटर लांबीची, खांबांच्या मागं डाव्या भिंतीला आहे. तिथं ५६ लावून उभं राहिलात तर हाती चेहराच लागेल. ३० घेऊन पायांकडून किंवा उशाकडून तिरपं उभं राहिलं की सगळी मूर्ती बसवता येते.

माझा निर्णय मात्र लेण्यात झाला नाही, पैठणीच्या मागापाशी झाला. एका खोलीत दोन-तीन माग, मधून माणूस आडवा होऊन जाईल एवढीच वाट. विणणारी बाई मागावर बसलेली, समोर ताणलेलं रेशीम, बाजूला रंगीत कांड्या, खिडकीतून एका अंगानं उजेड. मला एका फ्रेममध्ये तिचा चेहरा, बोटं आणि पदरावर उमटत असलेला मोर हवा होता. ५६ लावली की चेहरा यायचा, हात कापला जायचा. हात घेतला की चेहरा जायचा. मागं सरकावं तर पाठीशी दुसऱ्या मागाचं ताणलेलं रेशीम. त्याला धक्का लागून धागा तुटला तर ते नुकसान त्या घराचं, म्हणून तिथं एक पाऊलही मागं टाकता येत नाही. लेन्स उत्तम होती, फोकस अचूक होता, आणि हवा तो फोटो त्या खोलीत मावतच नव्हता. हा त्रास एकदा डोक्यात बसला की प्रत्येक घरात दिसू लागतो.

हिशेब सोपा आहे. उभा कॅमेरा धरून पूर्ण उंचीचा माणूस घ्यायचा तर ५६ला चार-साडेचार मीटर अंतर लागतं, ३०ला अडीच मीटर पुरतं. आपल्याकडच्या माळवदाच्या घरात, जाड भिंती आणि छताच्या झरोक्यातून येणाऱ्या उजेडात, साडेचार मीटर मोकळी जागा मिळणं अवघडच. हळद लावताना नवरीभोवती मावश्या, काकू, लेकरं दाटीनं बसलेली असतात. ३०मध्ये नवरीही येते आणि तिच्या गालाला हात लावणारी आजीही. ५६मध्ये नवरी फार सुंदर येते, पण एकटी येते.

शिवाय दीड मीटरवरून एफ १.४ला ५६ची फोकसमधली जागा जेमतेम चार सेंटिमीटर असते, ३०ची चौदाच्या आसपास. हलत्या हातांच्या कामात हे दहा सेंटिमीटर फार उपयोगी पडतात.

३०चे दोषही सांगायला हवेत. सरळ रेषा थोड्या फुगतात, कॅमेऱ्यातलं करेक्शन चालू ठेवावं. मागचा भाग धूसर होतो पण लोण्यासारखा होत नाही. फक्त चेहरा घ्यायचा तर फार जवळ जावं लागतं, आणि तेवढ्या जवळून चेहरा थोडा ताणल्यासारखा वाटतो. लाजऱ्या माणसाला इतक्या जवळचा कॅमेरा सोसतही नाही. आधी बसून बोलावं लागतं, चहा घ्यावा लागतो. मला ते आवडतं, सगळ्यांना आवडेलच असं नाही.

तेव्हा दौलताबाद किंवा बीबी का मकबरा इथं प्री-वेडिंग हेच तुमचं मुख्य काम असेल, तर ५६ घ्या, माझ्याकडं दुर्लक्ष केलं तरी चालेल. मोकळ्या जागेत ३० तिची बरोबरी करू शकत नाही. फक्त बाराच्या मुहूर्ताला बाहेर उघड्या उन्हात एफ १.४ वापरायचा तर आयएसओ १००लाही १/४०००चा शटर पुरत नाही, उजेड कमी करणारी काच, म्हणजे एनडी फिल्टर सोबत घ्या. ५६ला ५५ एमएम व्यासाचा बसतो, ३०ला ५२चा.

घरातली कार्यं, कारागीर, देवळाचा गाभारा, स्वयंपाकघरात चुलीपुढं बसलेली आजी, असं काही तुमच्या डोक्यात असेल तर मी ३०कडं झुकेन. तरीही मन डळमळत असेल तर पैसे देण्याआधी किट लेन्स ३०वर फिरवून झूमच्या रिंगला चिकटपट्टी लावा आणि आठवडाभर घरातच फोटो काढा. पुढच्या आठवड्यात तीच पट्टी ५०वर लावा. ५६ त्याहूनही थोडी लांबची आहे, एवढं ध्यानात ठेवून बघा.