किलिमांजारो, माउंट केनिया की रुवेन्झोरी? रजा, खर्च आणि पाय पाहून करायची निवड

पूर्व आफ्रिकेतला डोंगर निवडताना बहुतेक जण उंचीचा आकडा बघतात. टांझानियातल्या किलिमांजारोचं उहुरू शिखर ५,८९५ मीटर, रुवेन्झोरीतलं मार्गेरिटा ५,१०९ आणि माउंट केनियावरचा पॉइंट लेनाना ४,९८५. म्हणजे किलिमांजारो सर्वांत अवघड, असं गृहीत धरलं जातं. प्रत्यक्षात किलिमांजारोच्या नेहमीच्या वाटांवर दोर लागत नाही, लेनानालाही नाही. मार्गेरिटाला मात्र हार्नेस (दोर अडकवायचा कमरपट्टा), क्रॅम्पॉन (बुटाखाली बांधायचे काटे) आणि आइस अ‍ॅक्स घेऊन हिमनदी पार करावी लागते. तिथं पोहोचेपर्यंतचे चार-पाच दिवस चिखलात जातात ते वेगळंच.

म्हणून तीन गोष्टी आधी ठरवा: डोंगरावर किती रात्री देता येतील, विरळ हवेत झोपायची सवय आहे का, आणि सतत ओलं राहणं कितपत सोसतं.

किलिमांजारो: वाट निवडली की अर्धं काम झालं

सह्याद्रीत कितीही भटकलात तरी उंचीची सवय होत नाही. कळसूबाईचा माथा १,६४६ मीटरवर आहे आणि किलिमांजारोच्या बऱ्याच वाटा त्याच्याही वरून सुरू होतात. गड चढून पाय आणि दम तयार होतो, पण ४,००० मीटरवर झोप लागेल की डोकं ठणकेल हे त्यावरून कळत नाही. त्यामुळे इथं खरा प्रश्न रोज किती उंची वाढवायची हा आहे.

मारांगू वाटेचं वेळापत्रक पाहा. प्रवेशद्वार सुमारे १,८८० मीटरवर, मग मंदारा झोपडी २,७२०, होरोंबो ३,७२०, किबो ४,७२०. पाच दिवसांच्या कार्यक्रमात दर रात्री सरळ हजार मीटर वर झोपायचं आणि तिसऱ्याच रात्री माथ्याकडे निघायचं. ही वाट चालायला सर्वांत सोपी, झोपायला पक्की झोपडी आणि गादी, त्यामुळे स्वस्तातली म्हणून खपते. पण शरीराला जुळवून घ्यायला वेळच मिळत नाही आणि माणसं किबोच्या वर उलट्या करत परत फिरतात. मारांगूच घ्यायची असेल तर होरोंबोला एक जादा रात्र असलेला सहा दिवसांचा कार्यक्रम घ्या.

लेमोशो वाटेचे आठ दिवस वेगळे बेतलेले असतात. दुसऱ्या रात्री शिरा पठारावर ३,५०० च्या आसपास, तिसऱ्या रात्री ३,८४० वर, आणि चौथ्या दिवशी ४,६३० मीटरच्या लाव्हा टॉवरपर्यंत चढून झोपायला पुन्हा खाली बारांकोला, जवळपास ३,९७५ वर. दिवसा उंच जायचं, रात्री खाली झोपायचं. माचामे वाटेवर हाच लाव्हा टॉवरचा दिवस येतो. तीही सात दिवसांची घेतली तर चांगलीच आहे, फक्त गर्दी जास्त. सहा दिवसांचं माचामे घेऊ नका. त्यात मधला करंगाचा मुक्काम कापलेला असतो आणि बारांको ते माथ्याखालचा शेवटचा तळ बाराफू हे अंतर एका दिवसात उरकून त्याच मध्यरात्री माथ्याकडे निघावं लागतं.

बारांकोच्या भिंतीची लोकांना उगाच धास्ती असते. सह्याद्रीत सोपे कातळटप्पे चढलेल्यांना ती मजेशीर वाटेल. हाताचा आधार घेत दीड-दोन तासांत संपते. खरी कसोटी बाराफूहून (४,६७३) मध्यरात्री निघाल्यावर. जवळजवळ १,२०० मीटर चढ, माथ्यावर उणे १० ते उणे २० अंश, आणि त्याच दिवशी ३,१०० मीटरवरच्या म्वेकापर्यंत उतार. घसाऱ्यावरून उतरताना बोटं बुटाच्या टोकावर आदळून नखं काळी पडतात. निघण्यापूर्वी नखं कापा आणि उतरताना लेस घोट्याशी घट्ट बांधा. पाण्याच्या पिशवीची नळी त्या रात्री गोठते, म्हणून रुंद तोंडाची बाटली उलटी करून जॅकेटच्या आत ठेवा. बर्फ वरून खाली धरत जातो, त्यामुळे उलट्या बाटलीचं झाकण मोकळं राहतं.

माउंट केनिया: देखणा, पण घाई करायला लावणारा

आमच्या मते तिघांत दिसायला हाच सर्वांत सुंदर. बातियन (५,१९९) आणि नेलियन (५,१८८) ही मुख्य शिखरं कातळारोहण येणाऱ्यांसाठी आहेत. ट्रेकर्स लेनानापर्यंत जातात. ‘सर्वोच्च शिखर सर केलं’ असं सांगायचं असेल तर हा डोंगर तुमचा नव्हे.

सिरिमोन वाटेनं चढून चोगोरियाकडे उतरणं हा सर्वांत चांगला बेत. सिरिमोन प्रवेशद्वार २,६५० मीटरवर, ओल्ड मोझेस ३,३००, मग मॅकिंडर खोऱ्यातून शिप्टन्स सुमारे ४,२००. शिप्टन्सहून पहाटे तीनच्या सुमारास लेनानाकडे निघतात. चोगोरियाच्या बाजूला गॉर्जेस खोरं, मायकेलसन तळं आणि खाली बांबूचं रान. त्या रानात हत्ती आणि रानम्हशी असतात, तिथं गाईडच्या पुढं जाऊ नका.

गडबड होते ती दिवसांत. चार दिवसांच्या कार्यक्रमात दुसऱ्याच रात्री ४,२०० वर झोपावं लागतं आणि हे मारांगूपेक्षाही घाईचं आहे. उंची कमी म्हणून लोक निर्धास्त असतात आणि शिप्टन्सला डोकं धरून बसतात. तिथं एक जादा रात्र घेऊन पाच दिवस करा. नारो मोरू वाट सर्वांत जलद, पण तिच्यावर चढणीची लांबलचक दलदल लागते. पावसानंतर ती उतरायला ठीक, चढायला नको. शिप्टन्सला खाऊ तंबूबाहेर ठेवू नका, तिथले हायरॅक्स (सशाएवढे केसाळ प्राणी) धीट झालेत.

रुवेन्झोरी: पाण्याची तयारी असेल तरच

युगांडा आणि काँगोच्या सीमेवरची ही रांग जगाला आजही फारशी ठाऊक नाही. वाटेत दिवसचे दिवस आपल्या गटाखेरीज कुणी भेटत नाही. शेवाळ लोंबणारी हेदरची झाडं, माणसाहून उंच लोबेलिया, खोडाला सुकल्या पानांचा कोट घातलेली राक्षसी सेनेसिओ यांतून वाट जाते. रानातून जाण्याचा अनुभव हवा असेल तर इथली बरोबरी बाकी दोन डोंगर करू शकत नाहीत.

दोन मुख्य वाटा. न्याकालेंगिजाहून सुरू होणारी मध्य वर्तुळवाट साधारण सात दिवसांची: न्याबिताबा (२,६५०), जॉन माटे (सुमारे ३,४००), बुजुकू (सुमारे ३,९६०), एलेना (४,५४०), माथा, मग किटांडारा आणि फ्रेशफील्ड खिंडीतून परत. दुसरी कासेसेजवळच्या किलेंबेहून, साधारण आठ दिवसांची आणि जास्त लांब. उंचीच्या हिशेबानं दोन्ही बऱ्याच सौम्य. इथं माणसं थकतात ती ओलाव्यानं.

सह्याद्रीतला पावसाळी ट्रेक म्हणजे तयारी झाली असं समजू नका. आपला पाऊस कोमट असतो. भिजलो तरी चालत राहिलं की अंग गरम राहतं. ४,००० मीटरवर तीन-चार अंशांत भिजून थांबलात तर थोड्याच वेळात हुडहुडी भरते, बोटं काम करेनाशी होतात. झोपायचे कपडे आणि स्लीपिंग बॅग पाण्यात बुडाली तरी कोरडी राहील अशा पिशवीत ठेवा आणि ते कपडे चालताना कधीही घालू नका. सकाळी ओलेच कपडे पुन्हा चढवायचे. नकोसं वाटतं, पण दुसरा इलाज नाही.

पायात गमबूट. महागडे ट्रेकिंग बूट बिगोच्या दलदलीत एका दिवसात भरतात आणि परत वाळत नाहीत. गमबूट वाटेच्या सुरुवातीला भाड्यानं मिळतात. जाड मोजे घालून मापून घ्या आणि आत स्वतःचे सोल टाका, नाहीतर टाच आत-बाहेर सरकून दुसऱ्याच दिवशी फोड येतात. ट्रेकिंग बूट पोर्टरकडच्या सामानात कोरडे ठेवून एलेनापासून वर वापरा. तळ मऊ असेल तर पट्ट्यांचे क्रॅम्पॉन हिमनदीवर सैल होतात. म्हणून टणक तळाचेच बूट घ्या आणि क्रॅम्पॉन खालीच बसवून पाहा.

हिमनदी झपाट्यानं आटते आहे. भेगा सरकतात, जुन्या वाटा मोडतात, उघड्या पडलेल्या कातळावर दोर आणि शिड्या लावाव्या लागतात. त्यामुळे माथ्याच्या दिवसाबद्दल गाईडचा शब्द शेवटचा माना. कधीच दोरावर चालला नसाल तर आधी हिमालयात बर्फाचं प्राथमिक प्रशिक्षण घ्या, किंवा माथा सोडून खिंडींचं वर्तुळ करा. तेही पुरेसं कठीण आहे.

ऋतू आणि प्रकृती

किलिमांजारो आणि केनियासाठी जानेवारी-फेब्रुवारी आणि जुलै ते सप्टेंबर. एप्रिल-मे टाळा, नोव्हेंबरही. रुवेन्झोरीला डिसेंबर ते फेब्रुवारी आणि जून ते ऑगस्ट त्यातल्या त्यात कोरडे. ‘त्यातल्या त्यात’ हे शब्द लक्षात ठेवा.

डायमॉक्स (उंचीच्या त्रासावरची गोळी) घ्यायचं असेल तर डॉक्टरांना विचारूनच. सल्फाची अ‍ॅलर्जी असेल तर ते आधी सांगा. बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरचा आकडा कमी दिसला म्हणून घाबरू नका आणि चांगला दिसला म्हणून गाफील राहू नका. सरळ रेषेत चालताना झोक जाणं, बोलण्यात गोंधळ, बसल्या जागी धाप आणि खोकला, यांतलं काहीही दिसलं तर रात्र असो की पहाट, लगेच खाली उतरायचं.

पैसे आणि कागद

किलिमांजारो सर्वांत महाग, आणि त्याचं मोठं कारण उद्यानाचं शुल्क. दिवसाला ७० डॉलर, तंबूच्या प्रत्येक रात्रीला ५०, बचाव शुल्क २० आणि वर १८ टक्के कर. आठ दिवसांच्या लेमोशोचे असे सुमारे १,१०० डॉलर थेट उद्यानाला जातात. त्यामुळे कुणी तोच ट्रेक चौदाशेत देत असेल तर कपात पोर्टरच्या मजुरीत आणि जेवणात झालेली असते. बक्षिसीचे दोन-तीनशे डॉलर वेगळे धरा. केनिया बराच स्वस्त पडतो. रुवेन्झोरी मधे, पण एंटेब्बेहून कासेसेला पोहोचायला रस्त्यानं अख्खा दिवस जातो. तो रजेत मोजा.

पीतज्वराची लस निघण्याच्या किमान दहा दिवस आधी सरकारमान्य केंद्रात घ्या. युगांडात शिरताना कार्ड लागतंच. केनिया किंवा युगांडातून कार्डाशिवाय परतलात तर भारतात विलगीकरणात ठेवू शकतात. फक्त टांझानियाला जाणाऱ्यांनीही घ्यावी, कारण मुंबईहून विमान बहुधा नैरोबी किंवा अदिस अबाबामार्गे जातं. केनिया आणि युगांडा एका व्हिसात जमतात, टांझानियाचा वेगळा काढावा लागतो. विमा घेताना उंचीची मर्यादा वाचा. साध्या प्रवास विम्यात एवढी उंची बहुधा नसते. केनिया आणि टांझानियात प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर बंदी आहे, सामान कॅरीबॅगांत बांधून नेऊ नका.

शाकाहारी जेवण तिन्हीकडे जमतं: भात, बटाटे, घेवड्याची उसळ, चपाती. सूप मात्र मांसाच्या पाण्यात केलेलं असू शकतं, ते आधी लिहून कळवा. ४,००० च्या वर भूक मरते. तेव्हा मेतकूट आणि भाजलेल्या पोह्यांचा चिवडा खपतो, प्रोटीन बार तसेच परत येतात.

कंपनीला विचारायचं

माझ्यामागे पोर्टर किती? किलिमांजारोवर माणशी तीन-चार हे नेहमीचं प्रमाण, आणि पोर्टरच्या पाठीवर २० किलोंहून जास्त चालत नाही. ऑक्सिजनचा सिलिंडर सोबत असतो का, की फक्त गाडीत? गटातला एक जण खाली उतरला तर त्याच्यासोबत कोणता गाईड जाईल आणि बाकीच्यांसोबत कोण राहील? रुवेन्झोरीसाठी आणखी एक: दोर, हार्नेस आणि क्रॅम्पॉन किती जुने आहेत, आणि निघण्यापूर्वी ते हातात घेऊन बघता येतील का?