जळमटं काढायचा लांब दांड्याचा ब्रश
दादरला रानडे रोडवर घेतला. दांडा ओढला की लांब होतो, त्यामुळे आमच्या चाळीतल्या माळ्याच्या कोपऱ्यापर्यंत स्टुलाशिवाय हात पोचतो. तिथले कोळी ते काडीसारख्या पायांचे. जाळ्याला धक्का लागला की अख्खं अंग गरागरा हलवतात. मादी अंड्यांचा पुंजका तोंडात धरून लटकते, म्हणून जळमटासकट तीही निघायला हवी. मागे फवारणीवाल्याने औषध मारलं ते भिंतीला, आणि हे बसलेत जाळ्यात अधांतरी! काय उपयोग? ब्रशचे केस मऊ आहेत, रंग खरवडत नाहीत. दांड्याचा आटा मात्र ढिला, सारखा पिळावा लागतो. बाथरूममधला एक कोळी मी ठेवलाय, डास खातो. सासूबाईंना ते अजून पटलेलं नाही.